चानकी

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बालकल्याण संस्थेच्या शमशाद मॅडमनी एक वही दिली आहे. तिच्यात रोज लिहायचं: पोरगं काय जेवलं, झोपलं का, ताप-सर्दी आहे का. त्या महिन्यातून एकदा येऊन वाचणार. मी म्हटलं, "मॅडम, मी खानावळ चालवतीय, लिहिणारी बाई न्हवं." तर म्हणाल्या, "दोन ओळी लिहा की. तेवढ्यात काय हात मोडतोय?" ती वही सरकारी. ही माझी. हिच्यात मी बोलते तशीच लिहिणार. शुद्धलेखन गेलं रंकाळ्यात.

तर राजवीर आला. काल दुपारी, मॅडमच्या कडेवर. दोन पूर्ण होऊन तिसरं लागलंय, पण अंगानं दीड वर्षाचा वाटतो. केस मात्र खांद्यापर्यंत, गुंता नुसता. आल्या आल्या त्यानं माझ्या परातीकडं बोट केलं आणि म्हणाला, "भाकय." मी शेवटच्या पिठाची चानकी थापली. चानकी म्हणजे पोरासाठी करायची तळहाताएवढी भाकरी, माझी आई मला करायची. दुधात कुस्करून भरवली. सगळी खाल्ली, माझ्या पदराला तोंड पुसलं आणि मांडीवरच झोपला. शेगडीवर आमटी करपायला लागली तरी मी उठले नाही. रात्री जेवायला येणारी पोरं म्हणाली, "मावशी, आमटीला वास येतोय." म्हटलं, गिळा गप्प.

त्याची आई संयोगिता. इचलकरंजीजवळ कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. नवरा पोटुशी असतानाच सोडून गेला. आता तिला क्षय झालाय, साध्या औषधाला दाद न देणारा. मिरजेकडं दवाखान्यात पडून आहे. मागं-पुढं कोणी नाही. ती बरी झाली तर पोरगं तिच्याकडं. नाहीतर पुढचं पुढं. तोवर आम्ही दोघं. आम्ही म्हणजे मी क्रांती आणि माझा नवरा आकाराम, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. आमच्या कागदावर लिहिलंय 'फॉस्टर पेरेंट'.

खालच्या मजल्यावरच्या धोंडुबाईंनी तासाभरात गल्लीभर डंका पिटला, "क्रांतीनं पोरगं दत्तक घेतलं!" मी दुरुस्त केलं नाही. लग्न झाल्यापासून 'पदरात काही न्हाय' हेच ऐकत आले. आता हे एक ऐकायला गोड वाटलं, तर कुणाचं काय बिघडलं?

मॅडम जाताना आईचा निरोप देऊन गेल्या. केसांना कात्री लावायची नाही. जोतिबाला जावळ बोललेलं आहे, ती बरी होऊन स्वतः काढणार. मी व्हय म्हटलं. उवा पडल्यात त्या केसांत, त्या काय ती येऊन काढणार हाय?

२४ नोव्हेंबर

आकारामशी भांडले. पोरगं त्याच्या मागं मागं फिरतंय, टँकरच्या चाकाला हात लावतंय. मी शिकवलं, "बाबा म्हण." तर हा बाबा (हाच खरा बाबा!) पोराला म्हणतो, "बाबा न्हवं. आकाराम म्हण. आ-का-राम." आता ते पोरगं त्याला "आकाम" म्हणतंय आणि हा दात काढतोय.

रात्री विचारलं, "तुला लाज वाटती काय बाबा म्हणवून घ्यायला?" तर म्हणाला, "आई-बाबा म्हणवून घ्यायचं न्हाय, मॅडमनी सांगिटलंय. ऐकलंस न्हवं?" आणि कूस बदलून झोपला. दगड आहे दगड. अशा माणसाला देवानं पोर दिलं नाही ते उगाच नाही.

४ डिसेंबर

सरकारी वहीत लिहिलं: जेवला. झोपला. सर्दी कमी.

इथं लिहिते: आज मला आई म्हणाला. मी भाकरी थापत होते, मागनं येऊन साडी ओढली आणि म्हणाला, "आई, चाकी." चानकीला चाकी म्हणतो. मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि समोर जेवायला आठ-दहा पोरं बसली होती.

१५ डिसेंबर

आज मॅडमच्या फोनवर व्हिडिओ कॉल. संयोगिता पलंगावर बसलेली, तोंडाला मास्क, नुसते डोळे. वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान असेल. मी डोळ्यांपुढं कोणी कजाग बया आणली होती. हे तर पोरगंच निघालं.

राजवीरनं तिला ओळखलं नाही. मोबाईल हातातून ओढायला लागला. ती "राजा, राजा" करत होती. मग म्हणाली, "ताई, त्येला जरा पाठमोरा करा की. केसं बगू दे." मी फिरवला. मी रोज तेल लावून विंचरते, आता वेणी घालता येते इतके मऊ झालेत. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लई झ्याक ठेवलायसा. बरी झाली की चैतात जाणार बगा मी जोतिबाला."

मला का कोण जाणे राग आला. तेल मी लावायचं, उवा मी वेचायच्या, आणि वाट बघायची ती हिनं. फोन ठेवल्यावर शमशाद मॅडम मला न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "क्रांतीताई, तुमी ह्या पोराच्या आईच्या जाग्यावर न्हाय. तुमी तिच्या बाजूला हाय." मी म्हटलं, चहा घ्या, निवतोय.

८ जानेवारी

आमच्या खानावळीत विश्वजित म्हणून एक जेवायला असतो, गारगोटीचा, विद्यापीठात इंग्रजीचं एम.ए. करतोय. भाकऱ्या पाच खातो आणि बोलतो पन्नास भाकऱ्यांचं. आज धोंडुबाई जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, "क्रांतीचं दत्तक पोरगं." हा ताटावरनं मान वर करून म्हणतो, "मावशी, हे चूक हाय. फॉस्टर वेगळं, ॲडॉप्ट वेगळं. सगळे लोक एकच म्हणून वापरत्यात."

म्हटलं, बोल बाबा, ताट तर तुझं भरलेलंच आहे.

मग त्यानं शिकवणी लावली. ॲडॉप्ट हा लॅटिनमधनं आलेला. त्याच्या पोटात निवडणं आहे. निवडलं, घेतलं, पोर तुमचं झालं, नाव तुमचं, कूळ तुमचं, कायमचं. म्हणजे आपलं दत्तक. आणि फॉस्टर हा जुना इंग्रजी शब्द, फूडचाच भाऊबंद. मुळात अर्थ अन्न, खाणं. फॉस्टर मदर म्हणजे जेवू घालून वाढवणारी. पोर दुसऱ्याचं, ते दुसऱ्याचंच राहतं. दिवस ठरलेले. "त्यामुळं 'आय ॲडॉप्टेड अ चाइल्ड' असं तुमी म्हणायचं न्हाय, मावशी. 'आय ॲम फॉस्टरिंग' म्हणायचं."

"म्हंजे मी खानावळवालीच की."

"तसं न्हवं, मावशी..."

"मग कसं? तुला जेवू घालती तसं त्येला बी. महिना भरला की जा आपल्या घरी."

मी त्याच्या आमटीत दोन डाव पाणी ओतलं आणि आत गेले. एवढा शिकलेला, पण पोटच्या भुकेचं याला काय कळणार? आणि निवडलं नाही म्हणतोय. मी निवडलं नाही काय? आल्या दिवशी मांडीवर झोपला तेव्हाच निवडलं.

२६ जानेवारी

मॅडम येऊन गेल्या. संयोगिताला औषध लागू पडलं. थुंकीचा तपास चांगला आला. वजन वाढतंय. मार्चमध्ये घरी सोडतील म्हणे.

मी तोंडानं "देवच पावला" म्हटलं. आतून मला वाईट वाटलं. एका बाईचा जीव वाचला याचं वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण हे कुणाला सांगता येणार नाही. आकारामलाही नाही. तो तर ऐकून म्हणाला, "बरं झालं, पोरगी तरनीताठी हाय." आणि पोराला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला, तो अंधार पडल्यावरच आला. घरी माणसं आली असताना याला फिरायचं सुचतं.

२ फेब्रुवारी

धोंडुबाई पापड लाटायला वर आल्या होत्या. राजवीरच्या केसांवरनं हात फिरवत म्हणाल्या, "अगं, जावळ काडलं न्हाईस अजून? ज्येच्या दारचं जावळ, त्येच्या कुळाचं पोर. एकदा तुज्या कुळाच्या नावानं जोतिबाला केसं पडली की देवानंच पदरात टाकलं म्हणायचं. मग कोण न्हेतंय?"

मी म्हटलं, त्याची आई काढणार आहे. तर म्हणाल्या, "आई कोण? हाक कुणाला मारतोय त्यो?"

रात्रभर हेच डोक्यात. मला माहीत आहे की कोर्ट, कमिटी, कागद हे सगळं असतं. पण कागद माणसं करतात. जोतिबा काय कागद बघतो?

९ फेब्रुवारी, रविवार

काढलं जावळ. गर्दी नको म्हणून पहाटेच निघालो, थंडी मरणाची. माझा भाऊ सम्राट मामा म्हणून बसला. त्यानं भाच्याला नवा सदरा, टोपी, सगळं आणलं. मला म्हणाला, "आक्का, किती वर्सं वाट बघितली ह्या मांडीनं." राजवीर आधी वस्तऱ्याला बघून रडला, मग न्हाव्यानं त्याच्या हातात खोबऱ्याची वाटी दिली, ती चोखत बसला. मी पदर पसरून केस झेलले. किती मऊ होते! माझ्याच हातच्या तेलाचा वास येत होता त्यांना. गुलाल-खोबरं उधळलं, सम्राट बेंबीच्या देठापासून ओरडला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" आणि पोरगंही ओरडलं, "चांबलं!" सगळी हसली. मी हसले. आयुष्यात इतकी हसले नसेन.

आकाराम आला होता, पण लांब उभा राहिला. आदल्या रात्री एवढंच म्हणाला होता, "त्या पोरीनं एकच गोष्ट मागितलीया क्रांती." मी म्हटलं, तुला यायचं नसलं तर नको येऊस. आला. परत येताना पंचगंगेवर केस सोडायला मात्र पाण्यात तोच उतरला. पाण्यात बराच वेळ उभा राहिला. मी हाका मारल्या, अरे थंडी आहे, ये वर.

आता राजवीरचं डोकं गुळगुळीत, गुलालानं लाल. माझ्या शेजारी झोपलाय. माझा आहे. देवासमोर झाला.

११ फेब्रुवारी

सम्राटनं स्टेटसला फोटो टाकला. 'लाडक्या भाच्याचं जावळ, चांगभलं!' फिरत फिरत शमशाद मॅडमपर्यंत गेला.

त्या आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चपला काढल्या, बसल्या, राजवीरच्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसत्या बसल्या. मी आपली बोलत सुटले, उवा झाल्या होत्या, खाज सुटली होती, डॉक्टर म्हणाले. कुठला डॉक्टर! मग मॅडम म्हणाल्या, "मला वरती कळवावं लागंल. कळवीन. पण तिला मी सांगणार न्हाय. ती येईल तवा तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

मी म्हटलं, "केसच हायत मॅडम. येतील परत."

त्या उठून चपला घालायला लागल्या. चहाही घेतला नाही.

१० मार्च, सोमवार

आज संयोगिता आली. सगळं लिहिते.

दुपारची जेवणं उरकली होती. मी राजवीरला टोपडं घातलं होतं, कानावरनं बांधून. मार्चचं ऊन, पोरगं घामाघूम. मॅडमच्या मागनं ती जिना चढून आली, चार पायऱ्यांवर एकदा थांबत. मास्क, हिरवी साडी, हातात बिस्किटाचा पुडा. मी पाणी दिलं. तिनं लांबूनच राजवीरला बघितलं, जवळ घेतलं नाही. म्हणाली, "आता माज्यापासनं लागत न्हाय म्हणालेत डॉक्टर. तरी भ्या वाटतंय."

राजवीर माझ्या मांडीमागं लपला. तिनं पुडा पुढं केला तेव्हा हळूच बाहेर आला. तिनं त्याला ओढून जवळ घेतलं, वास घेतला, म्हणाली, "किती घामेजलाय. टोपडं काडा की ताई, उन्हाळा हाय." आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी तिनंच गाठ सोडली.

डोक्यावर बोटभरसुद्धा केस नव्हते, नुसती खुरटी पालवी. तिनं त्यावर तळहात ठेवला. फिरवला. परत फिरवला.

"केसं?"

मॅडम खाली बघत होत्या.

"कुठं काडलंसा?"

"जोतिबाला."

"मामा कोण बसला?"

"माझा भाऊ."

"केसं पदरात कुणी झेलली?"

"मी."

"कुठायत?"

"पंचगंगेत सोडली."

मी म्हटलं, "संयोगिता, चुकलं माझं. पण केसं येतील की गं परत." तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. ती म्हणाली, "येतील. पर ती जावळ नसतील."

मग तिनं जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाली, "ताई, मी आज त्येला द्यायला आलते. मॅडमला इचारा. अजून वरीसभर गोळ्या हायत. मला बारा तास कारखान्यात उभं ऱ्हावत न्हाय. खोलीवर त्येला बगायला कोण न्हाय. तुमच्यात त्यो जेवतोय, खेळतोय, मी फोनात बगत हुते की. म्हटलं, चैतात जावळ तेवढं माज्या हातानं काडते, एक दीस त्येची आई म्हणून देवापुढं बसते, आनि मग सही करते. पदराला पदर लावून तुमच्या पदरात घालते. आता काय घालू? त्येच्यासाटी मी काय बी केलं न्हाय. दूध बी पाजाय मिळालं न्हाय धड. ही एकच गोष्ट ऱ्हायली हुती. आता त्येला न्हेल्याबिगर मी त्येची आई कशी हुनार?"

मॅडमचे डोळे भरले होते. त्यांना हे माहीत होतं. आधी सांगता येत नव्हतं, कायद्यानं आईनं स्वतः ठरवायचं असतं.

मी तिचे पाय धरले. खरंच धरले, माझ्याहून एवढी लहान पोरगी. ती म्हणाली, "आवं उठा ताई, असं नगा करू." आणि तीही रडायला लागली. राजवीर दोघींकडं बघत बिस्कीट खात होता. मग त्यानं एक बिस्कीट माझ्या तोंडात घातलं. तिला नाही. मला. ते तिनं बघितलं.

११ मार्च

आकारामला सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं? तर त्यानं उठून माझ्यासाठी चहा टाकला. लग्नानंतर पहिल्यांदा. साखर घालायला विसरला. दोघांनीही प्यायला.

१२ एप्रिल

आज जोतिबाची यात्रा. रस्त्यानं सकाळपासून गुलालात माखलेल्या गाड्या, हलगी, चांगभलं. राजवीर खिडकीच्या गजाला धरून "चांबलं, चांबलं" ओरडतोय. मी खिडकी लावून घेतली. उकडलं तरी लावूनच ठेवली.

कमिटीचा निर्णय आला. पुढच्या आठवड्यात त्याला न्यायचं. संस्थेनं तिला कबनूरजवळ बसून करायचं काम बघून दिलंय, आणि जवळच अंगणवाडी आहे. आमच्याबद्दल मॅडमनी चांगलंच लिहिलं म्हणे. मी कसली चांगली?

२१ एप्रिल, सोमवार

संयोगिता सकाळीच आली होती. मॅडमना मी म्हटलं, तुम्ही तासाभरानं या.

मी तिला स्वयंपाकात बसवलं. सगळं सांगितलं. त्याला दूध कोमट लागतं, साय चालत नाही. डाळीतली मोहरी वेचून काढतो. ताप आला की आधी तळपाय गरम होतात. झोपताना कान चोळायचा, डावा. ती "व्हय ताई, व्हय ताई" करत होती. मग चानकी शिकवली. तिची थापताना मोडली, दोनदा मोडली. कांड्या भरणारे हात, पीठ दाबतात. मी तिच्या हातावर हात ठेवून थापली. तव्यावर टम्म फुगली तेव्हा ती हसली. पहिल्यांदाच तिचं तोंड बघितलं मी, मास्क खाली केला होता. राजवीरची जिवणी तिच्यावर गेलीय.

मी म्हटलं, तू भरव. तिनं घास पुढं केला. त्यानं तोंड फिरवलं, "आई दे." माझ्याकडं हात केले. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. मी मन घट्ट केलं आणि म्हटलं, "राजा, ही आई हाय. आई देतीया बग." त्यानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि तोंड उघडलं. तिनं भरवलं. मी बेसिनचा नळ सोडून उभी राहिले.

पिशवी भरताना त्यात आकारामची बॅटरी सापडली, टँकरवरची. पोरगं ती पेटवत बसायचं. काल मी काढून ठेवत होते, तर म्हणाला, "राहू दे. तिकडं लाईट जाती." आज सकाळी लवकरची ट्रिप आहे म्हणून निघून गेला. पोराला निरोपसुद्धा द्यायला थांबला नाही.

जाताना राजवीर जिन्यात रडला. रस्त्यात रडला. रिक्षा वळेपर्यंत "आई" ऐकू येत होतं. मग ऐकू येईना.

२८ एप्रिल

खानावळ चालू आहे. शेवटच्या पिठाचा गोळा उरतो. रोज थापते. परवा विश्वजितच्या ताटात वाढली. त्यानं बघितली, सगळ्यात आधी तीच खाल्ली. पोरगं वाईट नाही. मी उगाच त्याच्या आमटीत पाणी ओतलं.

आकाराम हल्ली उशिरा येतो. विचारलं तर म्हणतो, इचलकरंजी रोडला ट्रॅफिक. म्हटलं, तुझा टँकर तर गारगोटीचा, इचलकरंजी रोडला काय करतोस? तर म्हणाला, "लाईन बदलली." कंपनीची माणसं पण ना, कुणालाही कुठंही पाठवतात. परवा त्याच्या खिशात बिस्किटाच्या पुड्याचा कागद निघाला. म्हातारपणी गोड खायची हौस.

४ मे, रविवार

सकाळी धोंडुबाई जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, "क्रांतीचं दत्तक पोरगं न्हेलं की त्या बाईनं. काळीज हाय का न्हाय तिला!"

मी वरनं ओरडले, "धोंडुबाई, दत्तक न्हवता त्यो! दत्तक म्हंजे दिलेला. मला कुणी दिला न्हवता. आणि ती द्यायला आली तवा मी आधीच हात मारून बसलेली."

"मग काय हुतीस तू?"

"फॉस्टर."

"म्हंजे?"

"म्हंजे जेवू घालणारी."

धोंडुबाई खाली गेल्या. तोंडात आणखी शब्द होते त्यांच्या, पण गेल्या.

आणि दुपारी फोन वाजला. संयोगिता. रडकुंडीला आलेली. "ताई, त्यो जेवतच न्हाय. दोन दीस झालं, नुसतं दूध पितोय. अंगणवाडीत बी खात न्हाय. चानकी केली तर ढकलतोय. काय चुकतंय माजं?"

म्हटलं, थांब, घाबरू नकोस. दूध कसलंय? पिशवीचं. कोमट केलंस? केलं. भाकरी गरम असताना कुस्करलीस का गार? गार. तिथंच चुकलं पोरी. तव्यावरनं काढली की लगेच, हात भाजला तरी कुस्करायची, वर दूध, चिमूटभर मीठ, साखर नाही. फोन खाली ठेव, बंद करू नकोस, कर आणि बघ.

तिनं फोन ठेवला. मी कान लावून बसले. थापण्याचा आवाज. मोडली नाही. तव्याचा आवाज. "आई गं," हात भाजला असेल. वाटीत चमचा. मग बारीक आवाज, "चाकी." आणि मग तिचं, "खा रं राजा, खा." मला चावण्याचा आवाजसुद्धा आला, शपथ.

मग ती फोनवर आली, रडत हसत. "खाल्ली ताई! सगळी! थांबा, देते त्येला. राजा, बोल, मावशी हाय, बोल मावशीसंगं."

मावशी. खानावळीतली सगळी पोरं मला हेच म्हणतात. मी म्हटलं, राजा, जेवलास? तिकडनं थोडा वेळ नुसता श्वास. मग म्हणाला, "मावची, जेवलो."

फोन ठेवला. सरकारी वही अजून माझ्याकडंच आहे, न्यायची मॅडम विसरल्या की मुद्दाम ठेवली, माहीत नाही. शेवटची नोंद २० एप्रिलची. मी आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं: जेवला.